ताई, ‘नको’ म्हणायला कारण लागतं का?

हुरड्याचे दिवस सुरू झाले की मार्च एंडिंगपर्यंत या एकाच विषयावरची पत्रं येत राहतात. आधी शेतावर हुरडा पार्टी, मग टार्गेट झाल्याची पार्टी, मग टार्गेट न झाल्याचीपण. पंचवीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत पर्सोनेलचं काम केल्यामुळे हे सगळं मी फार जवळून बघितलंय, त्यामुळे या महिन्यात दुसरे विषय बाजूला ठेवले, फक्त हीच पत्रं घेते.

ताई, मी २४ वर्षांचा आहे, जुळे सोलापुरात राहतो, दीड वर्षापासून एका औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी, आहे. महिन्याची मिटिंग झाली की सगळे तुळजापूर रोडच्या ढाब्यावर बसतात. मी घेत नाही. पहिल्यांदा सांगितलं अँटिबायोटिकचा कोर्स चालूय, दुसऱ्यांदा म्हणालो कावीळ होऊन गेली, तिसऱ्यांदा उपवास. आता सगळे हसतात. मागच्या वेळी मॅनेजर म्हणाले, ‘सोलापूरचा असून घेत नाहीस, मग डॉक्टरांशी संबंध कसे ठेवणार बे? बिअर तर घे, बिअर म्हणजे काय दारू आहे का?’ टेरिटरी आणि इन्सेन्टिव्ह त्यांच्याच हातात. घरी वडिलांमुळे लै बघितलंय, म्हणून मला नकोच आहे, पण ते चारचौघात सांगायची लाज वाटते. काय सांगू त्यांना?

आधी ती कारणं सांगणं बंद कर बाळा. कारण दिलं की समोरच्याला वाटतं हे मिटलं की हा घेणार, म्हणजे तूच त्यांना पुढची तारीख देतोयस. कोर्स संपतो, उपवास सुटतो, कावीळ बरी होते, आणि मग तू परत त्याच टेबलावर नवीन कारण शोधत बसणार. ‘नको, मी घेत नाही.’ एवढंच म्हण. ‘आज नको’ म्हणू नकोस, त्या ‘आज’मध्येच सगळा घोळ आहे. परत विचारलं तर परत तेच, तसंच हसून, आवाज न चढवता. तिसऱ्यांदा विचारलं तर उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता शेंगाचटणीची वाटी पुढे ओढ आणि शेजारच्याला त्याच्या गावाकडच्या ज्वारीचं विचार. खरंच सांगते, माणसं एकदा ज्वारीवर आली की ग्लास विसरतात.

अजून एक, गेल्या गेल्या स्वतःच वेटरला बोलवून लिंबू सोडा सांग. रिकाम्या हाताच्या माणसाकडेच बाटली वळते, हातात भरलेला ग्लास दिसला की निम्मे लोक विचारतसुद्धा नाहीत. आणि सोड्याची बाटली समोर फोडून घे, ग्लास टेबलावर ठेवून फोनवर बोलायला बाहेर गेलास तर परत आल्यावर नवीन ग्लास घे. गंमत म्हणून कुणीतरी त्यात टाकतं आणि मग सगळे टाळ्या वाजवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ती फसवणूकच आहे, करणारा कितीही हसत असला तरी.

बिअरचं म्हणशील तर हा हिशोब मॅनेजरला तोंडावर सांगायची गरज नाही, पण तुला माहीत असू दे. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते, ६५० मिलीची एक बाटली संपवली की पोटात ४० ग्रॅमच्या आसपास गेलं, म्हणजे चार छोटे पेग. यकृत तासाला साधारण एका छोट्या पेगाइतकंच पचवतं, मग वरून लिंबू प्या, कॉफी प्या नाहीतर डोक्यावर बादली ओता. तू औषधं विकतोस, हे तर तुलाच त्यांना सांगता यायला हवं. ‘थोडी घेतलेली तब्येतीला बरी असते’ असं कुणी म्हणालं तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्टच सांगितलंय की सुरक्षित म्हणावं असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या पहिल्या गटात तर ती १९८८ पासून तंबाखूच्याच शेजारी आहे.

आणि तू २४ चा आहेस ना? महाराष्ट्रात व्हिस्की, रम असल्या कडक दारूला वय २५ लागतं, बिअर आणि वाइनला २१. म्हणजे बिअरवरून उद्या कुणी पेगवर आलं, तर तो तुला देणंच कायद्यात बसत नाही. हे भांडायला वापर असं मी म्हणत नाही, पण आपण काही विचित्र वागत नाही एवढा धीर तरी याच्यातून घे.

डॉक्टरांशी संबंधांचं म्हणाले ते मला पटलं नाही. केंद्राच्या औषध विभागाने मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी जी आचारसंहिता काढली तिच्यात डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर आणि पाहुणचारावर बंधनं आहेत. डॉक्टर ज्या एमआरला केबिनमध्ये दोन मिनिटं जास्त देतात तो वेळेवर येणारा असतो, डोस आणि साइड इफेक्ट विचारले की न चाचरता सांगणारा असतो, स्टॉकिस्टकडे माल नसला तर आधी फोन करणारा असतो. तेवढं कर, आणि प्रत्येक महिन्याचे कॉल आणि सेल मेलवर लिहून पाठवत जा, म्हणजे उद्या टेरिटरी काढली तर कशावरून काढली ते विचारायला तुझ्या हातात कागद राहील. दबाव येणारच नाही असं खोटं सांगत नाही. पण तुझ्यासारखा अजून एक जण त्या टेबलावर नक्की असणार, नुसता ओठाला ग्लास लावून बसलेला. त्याला शोध. दोघांनी सोडा मागवला की टेबल बदलतं.

वडिलांचं कुणालाही सांगायची गरज नाही. ते तुझं आहे, चखण्याबरोबर वाटायची गोष्ट नाही ती. पुढे कधी एखाद्या मित्राला सांगावंसं वाटलं तर सांग, त्यात लाजेचं काहीच नाही, त्यात तुझी काय चूक?

‘सोलापूरचा असून’ हे वाचून मात्र मला राहवलं नाही. अरे, मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर याच गावातली माणसं रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडायला निघाली होती, ज्या झाडांपासून शिंदी नावाची दारू निघते ती. तिथे धरपकड झाली, गोळीबार झाला, पुढे सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला आपल्या चौघांना फाशी दिलं. त्यांच्या चार पुतळ्यांच्या चौकातून आपण रोज गाडी काढतो. दारूला नको म्हणणं सोलापूरला नवीन नाहीये.

एक गोष्ट सांगते, जी मी फार कमी लोकांना सांगितलीय. आमच्याकडे स्टोअरला पंढरपूरकडचा एक पोरगा लागला होता, गळ्यात तुळशीची माळ. दिवाळीच्या आधी साहेबांनी सगळ्या स्टाफला शेतावर नेलं. साहेबांनी स्वतः ग्लास भरून त्याच्यापुढे धरला, सगळे ‘घे घे’ करायला लागले, तो दोनदा नको म्हणाला. मग त्याने दोन्ही हात मानेमागे नेले, माळ काढली, हातात गोळा केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, पेनाशेजारी, आणि ग्लास घेतला. मी समोर बसले होते. पर्सोनेल माझ्याकडे होतं, एक वाक्य बोलले असते तर साहेबांनी ऐकलं असतं, पण वातावरण कशाला बिघडवा म्हणून मी गप्प बसले. तो पोरगा पुढे सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला, का ते मी विचारलं नाही. तेव्हापासून प्रत्येक पार्टीत मी पहिला ग्लास कोकम सरबताचा मोठ्याने मागवायचे आणि नवीन पोरांच्या शेजारी जाऊन बसायचे. म्हणून जे साहेब, मॅनेजर लोक हा कॉलम वाचतात त्यांना सांगते, नको म्हणणं सोपं करणं ही तुमची जबाबदारी आहे, त्या २४ वर्षांच्या पोराची नाही. एकदाच विचारा. नको म्हणाला की दुसरं काय मागवू एवढंच विचारा.

ताई, सात रस्त्याजवळच्या एका फायनान्स ऑफिसात मी एकटीच बाई आहे, बाकी नऊ-दहा पुरुष. शनिवारी ते सगळे ‘बसतात’. मी एकदा गेले तर ‘मॅडम घेणार का’ म्हणून हशा झाला, गेले नाही तर सोमवारी कळतं की कुणाला कुठली फाइल, कुणाची रजा, सगळं तिथेच ठरलंय. एकाने रात्री साडेअकराला त्या टेबलावरून मला नको ते मेसेज पण केले. साहेब म्हणतात ऑफिसच्या बाहेरचं आहे, सोडून द्या.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

फाइलींचं असं कर, सोमवारी सकाळी दहाला मेल टाक, ‘शनिवारी कामाचं काही ठरलं असेल तर कळवावं, म्हणजे माझ्याकडची नोंद करते.’ भाषा अगदी सरळ ठेव, टोमणा नको. चार सोमवार असा मेल गेला की साहेबांनाच लक्षात येतं की रात्रीचं सकाळी परत लिहून द्यावं लागतंय, मग ते सकाळीच ठरवायला लागतात. मी आमच्याकडे हेच केलं होतं, दोन महिने लागले पण झालं. आणि हे फक्त बायकांचं नाही गं, न पिणारे पुरुष, संध्याकाळी घरी म्हातारी आई असणारे, लांबून बसने येणारे, सगळेच त्या टेबलाच्या बाहेर राहतात.

मेसेजचं मात्र सोडून द्यायचं नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिसची चार भिंतींची खोली नाही, कामाच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागा आणि कंपनीने दिलेली गाडीसुद्धा त्यात येते, त्यामुळे ‘बाहेरचं आहे’ एवढं म्हणून साहेबांना हात झटकता येत नाहीत. दहा किंवा जास्त माणसं असली तर ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, कलेक्टर ऑफिसात चौकशी कर. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, म्हणून स्क्रीनशॉट आजच काढ, तारीख-वेळ दिसेल असे, आणि बहिणीला नाहीतर मैत्रिणीला पाठवून ठेव. तो माणूस प्यायलेला होता म्हणून माफ कर असं कुणी म्हणेल. प्यायलेला होता हे कारण होत नाही, बिलकुल नाही.

ताई, पार्टीचं बिल सगळ्यांत सारखं वाटतात. मी दोन रोट्या, पनीर आणि एक सोडा घेतो आणि १४०० रुपये भरतो. बोललो तर चिक्कू म्हणतात. शिवाय मी पीत नाही म्हणून सगळ्यांना घरी सोडायचं काम पण माझंच.

म्हणू देत चिक्कू. वेटरला बसतानाच सांगा, दारूचं बिल वेगळं आणि जेवणाचं वेगळं, रोजचं असतं त्यांना हे, काहीही वाटत नाही. नंतर हिशोबाच्या वेळी वाद होतो, आधी सांगितलं की होत नाही.

सोडायचं म्हणाल तर एखाद्या वेळी सोडा, माणुसकी म्हणून, कारण प्यायलेला माणूस बाइकवर हायवेला लागण्यापेक्षा ते बरं. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन्ही, आणि हायवेवर उसाचे ट्रॅक्टर रात्री दिवे न लावता उभे असतात ते तर तुम्हाला माहीतच आहे. पण दर वेळी तुम्हीच कायमचे ड्रायव्हर झालात तर ते ठीक नाही. ज्याने पार्टी ठरवली त्याने गाडीपण ठरवायची, हे ग्रुपवर आधीच टाका.

ताई, माझं टॉवेलचं युनिट आहे, आम्ही घरचे माळकरी. बाहेरून बायर येतात त्यांना संध्याकाळी ‘व्यवस्था’ लागते असं एजंट सांगतो, नाहीतर ऑर्डर जाईल म्हणतो. काय करू?

दादा, एजंटला काय लागतं आणि बायरला काय लागतं हे आधी वेगळं करून बघा. मी बघितलेले निम्मे बायर दिवसभर फॅक्टरीत फिरून दमलेले असायचे, त्यांना गरम जेवण आणि लवकर झोप हवी असायची, बाटली एजंटलाच हवी असायची. बायरला सरळ सांगा की आम्ही घरात घेत नाही आणि देत नाही, जेवायला मात्र घरी या. कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, हुरड्याचे दिवस असले तर शेतावर आगटीभोवती बसवून गरम हुरडा चोळून हातावर द्या, सोबत दही आणि गूळ. बाहेरगावच्या माणसाला हे हॉटेलात मिळत नाही. त्यांना घ्यायचीच असेल तर ते त्यांच्या हॉटेलात घेतील, तो त्यांचा प्रश्न, तुम्ही उपदेश करू नका.

आणि शेतावर नाहीतर फॅक्टरीत स्वतः बार मांडायचा विचार असला तर तो सोडा. आपल्याकडे अजून १९४९ चा दारूबंदी कायदाच लागू आहे, प्यायलाही परवाना लागतो आणि पाजायलाही. उत्पादन शुल्कवाले आले तर नाव तुमचं लागेल, एजंट पुण्याला निघून गेलेला असेल. आता यामुळे एखादी ऑर्डर जाणारच नाही याची हमी मी देत नाही. तुमच्या मालाचा जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, आणि रंग पक्का असला तर मला तरी तशी भीती वाटत नाही.

ताई, वय ४१, सुपरवायझर आहे. पंधरा वर्षं रोज घ्यायचो. आठ महिने झाले बंद केलीय. घरी आता मुलगी जवळ येऊन बसते. पण सात तारखेला पगार झाला की खात्यातले सगळे म्हणतात, ‘आता सुटली की तुझी, एक घेतल्याने काय होतंय, आम्हाला कंपनी दे.’ मागच्या महिन्यात गेटपासून परमिट रूमपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो आणि दारातून परत आलो. पुढच्या वेळी परत येईन का नाही माहीत नाही.

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दारातून परत आलात ना, ते फार मोठं केलंत, आणि परत येईन का नाही हे खरं खरं लिहिलंत ते त्याहून मोठं.

तुमच्यासाठी एक पेग हा एक पेग नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मित्रांना माहीत नाही. ते वाईट असतील असं नाही, पण तुम्ही सोडली की त्यांच्या ग्लासकडे त्यांना स्वतःला बघावं लागतं, ते त्यांना नको असतं. त्यांना समजावत बसू नका. वरच्या पोराला कारण देऊ नकोस म्हणाले, तुम्हाला उलट सांगते, खात्यातल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला सगळं खरं सांगून ठेवा, म्हणजे सात तारखेला तो तुमच्याबरोबर गेटच्या दुसऱ्या बाजूने चालेल.

एकट्याने लढू नका. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं ते दोन पिणारी माणसं एकमेकांशी बोलत बसली यातूनच, आता महाराष्ट्रातही मराठीतून मिटिंग होतात, फी नाही, पूर्ण नावसुद्धा विचारत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. सरकारचा १४४४६ हा फोन फुकट आहे, संध्याकाळी तल्लफ आली तर आधी तो लावा. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथे जायला लाज कसली, बीपीसाठी जातो तसंच. (रोज भरपूर पिणाऱ्या आणि हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू म्हणणाऱ्या कुणासाठी लिहून ठेवते, असं परस्पर करू नका, हात थरथरणं, फिट येणं, भास होणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टर.)

आता सात तारखेचं. सहा तारखेलाच ठरवा की शिफ्ट सुटली की कुठे जायचं, नुसतं ‘घरी’ नको, कारण घर लांब असतं आणि परमिट रूम वाटेत. मुलीला सांगा की पप्पांना घ्यायला आईबरोबर गेटवर ये. पगाराचे पैसे बँकेतच राहू देत, खिशात रिक्षापुरते ठेवा. मग तिला घेऊन सिद्धेश्वर तलावावर जा, भेळ खा, अंधार पडेपर्यंत बसा, ती वेळ टळली की बरंच हलकं वाटतं. आणि नाहीच जमलं, गेलातच, घेतलीतच, तरी आठ महिने वाया गेले असं समजून दुसऱ्या दिवशी परत जाऊ नका, त्याच रात्री नाहीतर सकाळी १४४४६ ला फोन करा. आठ तारखेला मला दोन ओळी टाका, काय झालं ते. जे झालं असेल ते टाका.